शेकानंतरचा हिवाळा

माझी मोठी बहीण मुंबईहून शेक घेऊन आली आणि माझ्याकडे धुळ्याला राहिली, तेव्हा मी सव्वीस वर्षांची होते आणि ती अडतीसची. रेडिएशनला आमच्या खानदेशात तेव्हा कुणी रेडिएशन म्हणत नसे. 'शेक दिले' म्हणत. बाळंतिणीला शेगडीचा देतात, मुरगळलेल्या पायाला विटेचा देतात, तसाच हाही एक शेक, असं त्या शब्दामुळे वाटायचं. तिच्या डाव्या स्तनात गाठ निघाली होती. पावसाळ्यात शस्त्रक्रिया झाली, मग पाच-सहा आठवडे रोज यंत्राखाली झोपवून शेक दिले. हे सगळं आटपेपर्यंत दिवाळी तोंडावर आली.

तिला मी अक्का म्हणत असे. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते, त्यामुळे आई म्हणून जे काही मला आठवतं ते सगळं अक्काचंच आहे. वडील भडगावला शाळेत शिक्षक. मूळचे यावलकडचे, पण नोकरीपायी गिरणेकाठी येऊन राहिलेले. माझी वेणी, माझा डबा, माझं आजारपण अक्काकडे. मग ती अठराची झाली. वडिलांनी आपल्या मुलखातलं स्थळ शोधलं आणि तिला फैजपूरला दिलं. घर चांगलं, केळीच्या बागा, खटलं मोठं. लग्नाच्या रात्री मी मांडवातच झोपून गेले, आणि सकाळी उठले तेव्हा वऱ्हाडाची गाडी गेलेली होती. मला उठवलं तर मी रडेन म्हणून कुणी उठवलं नाही. मी पुढे कितीतरी दिवस दुपारी झोपायला तयार नसायचे.

त्यानंतर ती भेटे ती आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला. चार-पाच दिवस माहेरी येई, झोका बांधला जाई, आणि झोका सुटायच्या आत ती परत जाई. पहिल्याच आखाजीला ती केळीला 'केयी' आणि डोळ्यांना 'डोये' म्हणू लागली होती. वडील ते ऐकून सुखावले, कारण ती त्यांच्या गावाकडची बोली. मला मात्र वाटलं, आमची अक्का ठेवून घेतली आणि दुसरीच कुणी पाठवून दिली. वर्षं अशी गेली. तिला एक मुलगी झाली, दोन मुलगे झाले. मी शिकले, जीवरसायनशास्त्राची पदवी घेतली आणि धुळ्याला वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नोकरीला लागले. पांझरा नदीच्या अलीकडे दोन खोल्या भाड्याने घेऊन एकटी राहत होते. वडील त्याआधीच गेले होते.

अक्काला माझ्याकडे पाठवायचं हे तिच्या सासूबाईंनी ठरवलं. मुंबईच्या डॉक्टरांनी विश्रांती सांगितली होती, आणि सासूबाईंनी भाऊजींना सांगितलं, "इथी राहिली तर ही बसाची नाही. चूल दिसली का उठीन. तिले बहिणीजोळ ठेव होळीलोक." होळीपर्यंत म्हणजे चांगले चार महिने. मोठ्या घरातली ती कडक बाई. तिच्या तोंडून सुनेबद्दल असं काही निघेल असं अक्कालाही वाटलं नव्हतं.

भाऊजी तिला एस.टी.ने घेऊन आले. फैजपूर, भुसावळ, जळगाव, मग एरंडोल, पारोळा करत धुळे. सगळा दिवस प्रवासात गेला होता. ती खोलीत आली, खाटेवर बसली, इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाली, "एवढीशी खोली. झाडाले किती वेळ लागे?"

मी म्हटलं, "तुला झाडायची नाही."

"मंग मी काय करू?"

हा प्रश्न तिनं पहिल्या आठवड्यात रोज विचारला. वीस वर्षांत तिला असा रिकामा दिवस कधी मिळालाच नव्हता, आणि मिळाल्यावर तो कसा वापरायचा हे तिला ठाऊक नव्हतं. मी प्रयोगशाळेत जाताना ती खाटेवर पदर सावरून बसलेली असे, परत आले की तशीच. जणू कुणाच्या घरी पाहुणी गेलेली बाई, जेवायला बोलावण्याची वाट पाहत बसलेली.

खाली घरमालकीण राहायच्या. शिरपूरकडच्या, साठी उलटलेल्या, अहिराणी बोलणाऱ्या. दुसऱ्याच दिवशी त्या वर आल्या, अक्काकडे निरखून पाहिलं आणि म्हणाल्या, "तू बस माय. बठ्ठं मी करी देसू. ही तुनी बहीण शिकेल शे, पन तिना वरणले चव नही." अक्का हसली. आल्यापासूनचं ते पहिलं हसणं. मग दोघींचं जमलं. एक 'शे' म्हणे, दुसरी 'आहे' म्हणे. एकीची केळी, दुसरीची केयी. एकमेकींचे शब्द त्यांना अधूनमधून अडत, पण बोलणं कधी थांबलं नाही.

तिला पहिल्यांदा अंघोळीला मदत केली तो दिवस मला आठवतो. तोवर तिनं मला जवळ येऊ दिलं नव्हतं. डावा हात खांद्याच्या वर जाईना, तेव्हा नाइलाजानं हाक मारली. तिनं पाठ फिरवली होती. मग स्वतःच हळूच वळली आणि म्हणाली, "पाह्य. एकदा पाहून घे, मंग तुले भेव नाही वाटाचं."

जिथं स्तन होता तिथं सपाट व्रण होता, आणि शेक दिलेली सगळी जागा, काखेपर्यंत, तव्यावर विसरलेल्या भाकरीसारखी काळी पडली होती. काही ठिकाणी वरची कातडी निघून खालची नवी, गुलाबी दिसत होती. कडेला अजून जांभळ्या शाईच्या रेघा होत्या. किरणं नेमकी कुठं द्यायची त्याच्या खुणा. उपचार चालू असताना त्या धुवायच्या नाहीत असं सांगितलेलं, म्हणून तिनं त्या इतक्या जपल्या होत्या की उपचार संपल्यावरही साबण लावायला तिचा हात धजत नव्हता. मी कोमट पाण्यानं ती शाई हळूहळू काढली. लहानपणी शाळेतून मी शाईनं बरबटून आले की ती माझे हात असेच धुवायची, हे मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "तू तं लई रडे." मी शेवटची रेघ पुसली.

डॉक्टरांनी हाताचा व्यायाम सांगितला होता. भिंतीसमोर उभं राहायचं आणि बोटं भिंतीवरून वर वर चढवत न्यायची. ती रोज सकाळी ते करायची. काखेतल्या गाठी काढल्यामुळे तो हात सुजायचा. मुंबईतच बांगड्या कापून काढाव्या लागल्या होत्या. सवाष्ण बाईचा एक हात रिकामा, याचं तिला दुखण्याहून जास्त वाटे. घरमालकिणीनं त्या हाताला बांगड्यांऐवजी हिरवा दोरा सैलसर बांधून दिला. "आते झायं," म्हणाल्या, आणि तो विषय तिथं मिटला.

आता माझ्या कामाबद्दल सांगायला हवं, कारण अक्का तिथंही आली.

आमच्या विभागात प्रमुख सरांचं एक संशोधन चालू होतं. शेक घेऊन आलेल्या रुग्णांच्या रक्तात काय बदल होतो ते पाहायचं. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस हा शब्द तेव्हा आम्हालाही नवा होता. किरणं शरीरात शिरली की पेशींमध्ये फार चळवळे, अस्थिर कण तयार होतात. ते जिथं सापडेल तिथं घाव घालतात. गाठ त्यांनीच मरते, पण तिच्या शेजारची धडधाकट पेशीही त्यांच्या तावडीतून सुटत नाही. शरीराकडे याला तोंड द्यायला स्वतःचं बळ असतं. कुणाकडे अधिक, कुणाकडे कमी. ज्याचं हे बळ टिकतं तो अधिक जगतो का, हा सरांचा प्रश्न होता.

एका संध्याकाळी अक्कानं विचारलं, "तू दिवसभर तिथी करतं काय?" मी तिला समजावायचा प्रयत्न केला. कण वगैरे बोलून पाहिलं, मग म्हटलं, "केळं सोलून ठेवलं की थोड्या वेळानं काळं पडतं ना? हवा लागली की? तसंच काहीसं आत होतं."

तिनं विचार केला. "मंग मी सोलेल केयं."

"सगळेच थोडेथोडे सोललेले असतात. तुला जरा जास्त."

"आणि तू ते कायं पडनं मोजतं."

"हो."

"मोजून थांबते का?"

मी म्हटलं, नाही, मोजल्यानं थांबत नाही. तिनं मान हलवली. ती नाराज झाली नाही. एखाद्यानं भाव विचारावा, उत्तर ऐकून घ्यावं आणि पिशवी उचलून पुढं जावं, तशी मान हलवली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी निघताना म्हणाली, "माह्यं रक्त घ्यायचं तं घे. बाकीचे लोक देतात, मी काहून नाही?"

तिला मी प्रयोगशाळेत घेऊन गेले. डाव्या हाताला सुई लावायची नव्हती, म्हणून उजव्या हातातून रक्त घेतलं. मीच घेतलं. शेक न घेतलेल्या धडधाकट माणसांचं रक्तही तुलनेला लागायचं. ते आम्ही एकमेकांचंच घेत असू. त्या दिवशी माझं घेतलं. दोघींच्या नळ्या शेजारी शेजारी लावल्या, औषध घातलं आणि उकळत्या पाण्यात धरल्या. या चाचणीत नळीतलं पाणी गुलाबी होतं. आतली इजा जितकी जास्त तितका रंग गडद. अक्का स्टुलावर बसून पाहत होती. थोड्या वेळानं दोन्ही नळ्यांत रंग चढू लागला, संक्रांतीच्या हलव्यात असतो तसा कोवळा.

"कोनती माही?" तिनं विचारलं.

मी दाखवली.

ती पुढं वाकली, दोन्हींकडे पाहिलं. "मले तं दोन्ही सारख्याच दिसतात."

डोळ्यांना खरंच फरक कळत नव्हता. फरक होता तो यंत्राच्या काट्याला कळला. तो मी तिला सांगितला नाही, आणि तिनंही विचारला नाही. दोन बहिणींचं रक्त सारखं दिसतं याचंच तिला समाधान झालं होतं, आणि घरी येताना रिक्षात तिनं ते मला दोनदा बोलून दाखवलं.

मी मात्र त्या काट्यामुळे सुखानं झोपले नाही. दुसऱ्या दिवशी सरांकडे गेले. म्हटलं, तिला व्हिटॅमिनच्या गोळ्या चालू करू का, आवळा देऊ का, काय करता येईल? सरांनी हातातला कागद बाजूला ठेवला. मग म्हणाले, "हे बघ, एखाद्या माणसाबद्दल यातून काही सांगता येत नाही. अजून आपल्याला सगळ्यांबद्दलही नीट सांगता येत नाही. शेक चालू असते तर मी गोळ्यांना नाहीच म्हटलं असतं. ज्या चळवळ्या कणांना आपण आवरायला बघतो, गाठ त्यांनीच मरते. आता संपलेत, तर आवळा खाऊ दे. आवळ्यानं कुणाचं वाईट झालेलं नाही." आणि मी दारापर्यंत गेल्यावर म्हणाले, "पुढचं तिचं रक्त तू तपासू नकोस. दुसऱ्याला दे."

मी आवळे आणले. ती तोंड वेडंवाकडं करत खायची. "माणूस आजारानं मरो का नाही, आवयानं मराचं," असं म्हणायची.

पौष आला, थंडी वाढली, आणि तिला धुळं आवडायला लागलं. दुपारी ती झोपू लागली. घरमालकिणीबरोबर पाचकंदिलाच्या बाजारात जाऊ लागली. संध्याकाळी मी आले की आम्ही पांझरेच्या काठानं चालत जायचो. नदीला पाणी थोडंच, पण तिला तिथं गिरणेची आठवण व्हायची. ती चालताना भडगावच्या गोष्टी सांगे. आईच्या गोष्टी सांगे. आईला चिडवलं की कशी पदरात तोंड लपवून हसायची, तिला अंधाराची भीती कशी वाटायची, मी पोटात असताना तिला फक्त आंबट बोरंच कशी खावीशी वाटायची. हे मला आजवर कुणीच सांगितलं नव्हतं. आखाजीच्या चार दिवसांत हे सांगायला सवड कुठून असणार? सव्वीस वर्षांची होऊन मला आई मिळत होती, थोडी थोडी, रोज संध्याकाळी, नदीच्या काठानं.

एकदा भरीत झालं. घरमालकिणीच्या मुलानं शेतातून वांगी आणली. मागच्या अंगणात पऱ्हाट्यांचा, कपाशीच्या वाळल्या काड्यांचा जाळ करून ती भाजली, हिरव्या मिरच्या भाजल्या, लाकडी बडगीत ठेचलं. अक्काला धुरापाशी यायची मनाई होती, म्हणून ती जिन्यात बसून हुकूम सोडत होती. "तेल कमी. अजून ठेच. मिरची काहून कमी टाकली?" ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीबरोबर ती त्या दिवशी पोटभर जेवली. डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत जेवली. जेवण झाल्यावर म्हणाली, "मी पयल्यांदा बसून खाल्लं भरीत. घरी नेहमी वाढता वाढता खाल्लं."

भाऊजी दर पंधरा दिवसांनी येत. सोबत केळीचा घड, भुईमुगाच्या शेंगा, सासूबाईंनी दिलेलं तूप. भाऊजी अबोल माणूस. खुर्चीत बसत, चहा घेत, "बरी आहे ना?" विचारत. ती "बरी आहे" म्हणे. मग बागेचं बोलणं निघे. नव्या पद्धतीनं नळ्या टाकून थेंबाथेंबानं पाणी द्यायचा विचार आहे, पोरीची परीक्षा आहे, म्हैस व्याली. दुपारच्या गाडीनं ते परत जात. ती खिडकीतून त्यांना कोपऱ्यापर्यंत पाही. ते गेल्यावर मी एकदा म्हटलं, "तुम्ही दोघं काही बोलतच नाही." ती म्हणाली, "आमच्या घरात बोलाले जागा कुठी व्हती? सवय नाही लागली."

होळी जवळ आली तसे मी दिवस मोजायला लागले. तिचा रंग सुधारला होता. हात भिंतीवर पार वरपर्यंत जात होता. काळी कातडी जाऊन तिथं नवी आली होती, जरा घट्ट, जरा चमकदार. हे सगळं मला हवं होतं, त्यासाठीच तर ती आली होती. आणि तरी रोज सकाळी तिचा हात किती वर जातो ते पाहताना मला वाटायचं, अजून थोडे दिवस, अजून थोडेच. तिचं बरं होणं आणि तिचं जाणं एकाच पावलानं येत होतं.

तिलाही काही वाटत असावं. एका दुपारी मी घरी लवकर आले तर ती खाटेवर पालथी पडून मासिक वाचत होती, पाय वर करून, मुलीसारखी. मला पाहून उठून बसली. म्हणाली, "मले पोरांची लई आठवन येते. रोज येते. पण तिथी गेली का मले इथची येईन. अशी कशी व मी?"

मी म्हटलं, "अजून राहा."

"नाही. पोरीची परीक्षा आहे." मग थोड्या वेळानं म्हणाली, "मी किती जगीन, तुमच्या यंत्राले कळते का?"

"नाही कळत, अक्का."

"खरं सांगतं?"

"खरं. सरांनाही नाही कळत."

"बरं आहे मंग," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली. मी तिला अडवलं नाही.

होळीच्या आधी भाऊजी तिला घेऊन गेले. घरमालकिणीनं ओटी भरली. बसस्थानकावर गाडीत बसल्यावर तिनं खिडकीतून माझं डोकं दोन्ही हातांनी धरलं, सुजलेल्या हातानंसुद्धा, आणि म्हणाली, "या वेळी तू झोपेल नाही." मला तेव्हा कळलं की मांडवातली ती सकाळ तिच्याही मनात सलत राहिली होती.

त्या संध्याकाळी मी नदीवर गेले नाही. पुढे बरेच दिवस गेले नाही. खोली एवढीशी होती, झाडायला वेळ लागत नव्हता, पण ती मला फार मोठी वाटायला लागली.

अक्का त्यानंतर सात वर्षं जगली. तपासणीला आधी दर तीन महिन्यांनी, मग सहा महिन्यांनी मुंबईला जायची. जाता-येता माझ्याकडे एखादा दिवस थांबे. त्या सात वर्षांत तिनं मुलीचं लग्न केलं, बागेत नळ्या टाकलेल्या पाहिल्या, सासूबाईंचं शेवटचं आजारपण काढलं. माझंही लग्न झालं आणि मी जळगावला आले. सरांची बदली झाली, तो प्रकल्प त्यांच्याबरोबर गेला. ज्यांचं रक्त आम्ही घेतलं होतं त्यांतले कितीजण नंतर दिसेनासे झाले, काही बाजारात भेटून हाक मारत. कुणाच्या नळीचा रंग गडद होता आणि कोण टिकलं, हे मी मनात जुळवून पाहायचे आणि जुळायचं नाही. अक्काच्या बाबतीत मी ते जुळवायचंच सोडून दिलं.

मी तिला जळगावला राहायला बोलवत असे. "ये की आठ-पंधरा दिवस." ती दरवेळी म्हणे, "आखाजीले येईन." आखाजीला तिची लेक माहेरी येई, मग ती कशी येणार? आम्ही एकमेकींपासून दोन तासांवर होतो आणि पुन्हा कधी सलग चार दिवस एकत्र राहिलो नाही. मला तिची आठवण यायची ती बहुतेक ती समोर असतानाच. ती बसलेली असायची, नातवाला थोपटत, आणि मला ती पांझरेच्या काठानं चालणारी अक्का हवी असायची.

सातव्या वर्षी तिची पाठ दुखायला लागली. तिनं ते केळीचे घड उचलण्यावर घातलं. मी ऐकल्याबरोबर समजले, आणि तपासात तेच निघालं; आजार हाडांत उतरला होता. पाठीच्या दुखण्यासाठी पुन्हा थोडे शेक दिले, त्यानं दुखणं बरंच कमी झालं. शेवटचे महिने ती फैजपूरलाच होती, आपल्या खोलीत, मुलं-नातू भोवती. मी रजा काढून जात असे. एकदा मी तिला म्हटलं, "तुला धुळ्याला घेऊन जाऊ का? नदीवर?" ती म्हणाली, "आता नदी इथूनच दिसते." मग माझा हात हातात घेऊन खूप वेळ पडून राहिली. ती गेली त्या दिवशी सकाळी मी तिच्याजवळच होते, जागी होते.

ती गेल्यावर सहा-सात महिन्यांनी, एका रविवारी दुपारी, भाऊजी जळगावला माझ्या दारात उभे. आधी कळवलं नव्हतं. हातात पिशवी, पिशवीत केळी. खुर्चीत बसले. मी चहा केला. त्यांनी तो घेतला आणि कप खाली ठेवून तसेच बसले. माझ्या नवऱ्याशी पावसापाण्याचं बोलले. मग नवरा काही कामाला बाहेर गेला, तेव्हा म्हणाले, "एक इचारू का?"

"विचारा ना, भाऊजी."

ते खाली पाहत होते. "तिथी धुळ्याले ती काय करे?"

मला आधी समजलं नाही. म्हटलं, "म्हणजे?"

"दिवसभर. तुह्याजोळ व्हती तेव्हा. तिथून आली तं येगळीच व्हती. हसे. एकटीच बसे कधी कधी, बरं वाटे तिले. मी पंधरा दिवसांनी येऊन चहा पिऊन जाये. मले कधी इचारता नाही आलं. आता कोनाले इचारू?"

मग मी त्यांना सांगितलं. ती दुपारी कशी झोपायची, आणि उठल्यावर गालावर चादरीच्या सुरकुत्यांचे ठसे असायचे ते सांगितलं. घरमालकिणीबरोबर ती एकदा सिनेमाला गेली होती आणि रडारडीच्या ठिकाणी दोघी हसत सुटल्या, म्हणून मागच्यांनी त्यांना गप्प केलं होतं, ते सांगितलं. तिला दुधाची मलई पावाला लावून खायची सवय लागली होती. तिनं शेजारच्या मांजरीला नाव न ठेवता नुसतं 'व बाई' म्हणायचं ठरवलं होतं, आणि मांजर त्या हाकेला येई. भाऊजी निघाल्यावर ती खिडकीपाशी उभी राही हे सांगितलं, तेव्हा त्यांनी मान वर केली.

"खिडकीत?"

"हो. तुम्ही कोपऱ्यावरून वळेपर्यंत."

"मी कधी मांगं नाही पाह्यलं," ते म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनीही बोलायला सुरुवात केली. मला माहीत नसलेली अक्का सांगू लागले. लग्न झालं तेव्हा तिला विहिरीवरून पाणी ओढता येत नसे, म्हणून ते पहाटे सगळ्यांच्या आधी उठून गुपचूप दोन बादल्या ओढून ठेवत, आणि तिला वाटे सासूबाईच ठेवतात. बागेत पहिला घड आला तेव्हा ती त्याच्याशी बोलत उभी होती. मोठ्या मुलाच्या वेळी ती गाणं गुणगुणे, ते गाणं त्यांना आता आठवत नाही. मला आठवतं का, त्यांनी विचारलं. मलाही आठवत नव्हतं. आम्ही दोघांनी बराच वेळ ते आठवून पाहिलं.

गाडीची वेळ झाली तरी ते उठले नाहीत. मी भाकरी टाकायला घेतल्या आणि ते स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची ओढून बसले. त्या दिवशी ते शेवटच्या गाडीनं गेले.